सायप्रसला जायची तयारी

ओल्या एक्स-रे फिल्मला एक वास असतो. आंबूस, त्यात लोखंडाची किंचित चव मिसळलेली, नाकापेक्षा जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. ज्यांनी उमेदीची वर्षं इस्पितळात घालवली त्यांना तो आठवेल. त्या काळी अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलेली फिल्म चिमट्याला टांगून ठेवलेली असे, तिच्या खालच्या कडेवरून थेंब ठिबकत राहत आणि मागून येणाऱ्या उजेडात माणसाच्या फासळ्या पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या उमटत. भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटाचं नाव घेतलं की लोकांना निळं पाणी आठवत असेल, चुन्याने रंगवलेली घरं आठवत असतील. मला सायप्रस म्हटलं की हा आंबूस वास आठवतो. मी त्या बेटावर कधीच गेले नाही. तिथे जाण्याची तयारी मात्र मी जवळजवळ वर्षभर केली, आणि ती इतक्या निगुतीने केली की आजही त्या तयारीतली एकेक वस्तू मला अंधारात हात घालून काढता येईल.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. सांगलीतल्या एका खाजगी इस्पितळात मी स्टाफ नर्स होते, एकतीस वर्षांची, अविवाहित. हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत एका खोलीत मी आणि माझी थोरली बहीण शेवंताआक्का अशा दोघी राहत होतो. आमचं गाव पलूसजवळ. आई तिथेच होती, दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीला जात होती. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा विट्याच्या एका गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करण्याचा धंदा करणाऱ्याकडे, भट्टीवर कामाला लागला, त्याच्या दुकानाबरोबर दूर आंध्रात गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार थाटला. हे आक्काला कुणी सांगितलं नाही. पत्रं यायची थांबली, आणि एका दिवाळीला माहेरी धाडलेली सून सासरच्यांनी परत नेलीच नाही, एवढंच. मग मी तिला सांगलीला आणलं. ती माझा डबा करी, माझा पांढरा गणवेश नीळ घालून धुई, ड्यूटीवरून आल्यावर माझ्या सुजलेल्या पायांखाली गोधडीची वळकटी सारून देई. आणि मला मात्र सदैव वाटत असे, की मीच तिला सांभाळते आहे.

चोविसाव्या वर्षी मला क्षय झाला होता. जनरल वॉर्डात माझी ड्यूटी होती, तोंडावर बांधायला धड फडकंही मिळत नसे, आणि रात्रंदिवस खोकणाऱ्या माणसांच्या तोंडाशी वाकून मी त्यांच्या उशा सारख्या करत असे. त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी श्वासातून तो माझ्यात आला. नऊ महिने मी गोळ्या घेतल्या, गावाकडे ठरत आलेलं माझं लग्न त्या नऊ महिन्यांत न बोलता मोडलं, आणि मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही आता ठणठणीत आहात. उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर एक डाग तेवढा राहील. तो आजाराचा नाही, भरून आलेल्या जखमेचा आहे. मी तो डाग विसरून गेले. शरीराने आपल्यापुरता हिशेब मिटवला, असंच मला वाटलं.

माझ्याबरोबर काम केलेली फिलोमिना नावाची केरळी नर्स दोन वर्षांपूर्वी सायप्रसला गेली होती. तिचं पत्र एका फेब्रुवारीत आलं, निळं आंतरदेशीय नव्हे, परदेशी तिकिटाचं, सळसळत्या कागदाचं. तिच्या शेजारच्या घरात एक वृद्ध बाई अंथरुणाला खिळली होती. तिच्या मुलाला घरात राहून शुश्रूषा करणारी बाई हवी होती. दोन वर्षांचा परवाना, तो पुढे वाढवून मिळे, राहायला खोली, जेवण. ‘तू ये,’ तिने तिच्या मोडक्या हिंदीत लिहिलं होतं, ‘इथं तुला कोणी काही विचारणार नाही.’

तिने ते वाक्य कशासाठी लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे. आम्ही दोघी एकदा एकाच वॉर्डात होतो. तिथे एका सधन घरातली म्हातारी दाखल होती. पहिल्या दिवशी तिने माझा हात हातात घेऊन मायेने विचारलं, कुठली गं पोरी तू, कुणाची? मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यानंतर ती माझ्या हातचं पाणी पीत नसे. इंजेक्शन चालत असे. सलाइन चालत असे. माझ्या हाताने तिच्या शिरेत उतरणारं पाणी तिला बाटत नव्हतं, फक्त पेल्यातलं बाटत होतं. फिलोमिनाने ते पाहिलं होतं आणि तिला त्याचा अर्थ मी डबा खाताना समजावून सांगितला होता. माझ्या वडिलांनी तरुणपणी, सगळ्या वस्तीबरोबर, बुद्धाची दीक्षा घेतली होती. आमच्या घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडले होते, आणि त्यांना वाटलं होतं, आपल्या मुलींना तरी हा प्रश्न कुणी विचारणार नाही. सांगलीत खोली शोधताना मला तो पाच ठिकाणी विचारला गेला. म्हणून मला जायचं होतं. पैशांसाठीही जायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून अधिक, जिथे माझ्या आडनावातून कुणालाही काहीही वाचता येणार नाही अशा एखाद्या जागी काही वर्षं श्वास घेऊन पाहायचा होता.

मग तयारी सुरू झाली. फिलोमिना दर पत्रात काहीतरी नवं लिही आणि मी ते एका वहीत उतरवून घेई. दात इथूनच दुरुस्त करून ये, तिथे फार महाग पडतं. पावसाळा हिवाळ्यात असतो आणि घरं आतून गार होतात, तेव्हा जाड कोट आण. चष्मे दोन आण. कुकरच्या रिंगा चार आण, तिथे त्या मिळत नाहीत. मी दोन दाढा भरून घेतल्या. हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटर मांडून बसणाऱ्या तिबेटी बाईकडून राखाडी रंगाचा लांब लोकरी कोट घेतला. सांगलीच्या उन्हात तो अंगावर चढवून पाहताना आक्का हसून हसून लोळली होती. दाखले साक्षांकित करून आणायचे होते, त्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पासपोर्टचे अर्ज मी दोघींचेही भरले. ‘मी तिकडे रुळले की तुला बोलावून घेईन,’ मी आक्काला म्हटलं, आणि तिच्या अर्जावर, शाळेच्या जुन्या दाखल्यावर होतं तसं, तिचं माहेरचं नाव लिहिलं. सही करायला तिला अर्धा तास लागला. सातवीनंतर तिने लेखणी धरलीच नव्हती.

चौकशीला हवालदार आला तो आमच्या गावच्या घरी. मी त्या दिवशी मुद्दाम गावी गेले होते. तो पडवीत बाजेवर बसला, आईने केलेल्या चहाकडे त्याने पाहिलं नाही, कागदावर बोट ठेवून वाचलं, ‘धर्म बौद्ध.’ मग मान वर करून म्हणाला, ‘म्हंजे आदीचं काय?’

आई चुलीपाशी होती. तिने तिथूनच उत्तर दिलं, ‘आदीचं काय ते तुमास्नी ठावं हाय. म्हणून तर इचारताय.’

त्याने दोघींच्या कागदांवर शिक्का मारला. आईने चहाचा कप उचलला आणि तो चहा स्वतः, उभ्या उभ्या, त्याच्यादेखत पिऊन टाकला. सांजेला मला बसपर्यंत पोचवायला आली तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, ‘लय लांब हाय गं ते.’

त्या हिवाळ्यात आमची खोली एक विचित्र शाळा झाली होती. फिलोमिनाने नेहमी लागणारे तिथले शंभरेक ग्रीक शब्द पाठवले होते. ते मी देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवले आणि डब्याची पोळी लाटली जात असताना मोठ्याने पाठ करत बसे. कालिमेरा म्हणजे सुप्रभात. नेरो म्हणजे पाणी. पोनाई म्हणजे दुखतंय का. माझी जीभ त्या शब्दांवर अडखळे. मी शिकलेली बाई, मला प्रत्येक शब्दाचं व्याकरण हवं असे. आक्का पोळपाटावरून नजर न उचलता तेच शब्द म्हणे, आणि ते तिच्या तोंडी असे गोल, ओले, सहज येत, जणू ती लहानपणापासून तेच बोलत आली होती. मला त्याचं कौतुक वाटे. कौतुकच वाटे, असं मी आज म्हणते.

छातीची फिल्म हा शेवटचा कागद होता. सांगलीतच काढली. अहवालावर इंग्रजीत एक ओळ आली: उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर जुना, भरलेला व्रण. मला त्यात काही गैर वाटलं नाही. परवान्याचं काम पाहणाऱ्या पुण्याच्या माणसाने फोनवर मात्र मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मी एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात उभी होते, समोर लाल आकडे पळत होते. तो म्हणाला, ही ओळ असली तर तिकडचे लोक पुढचं काही वाचतच नाहीत. मी म्हटलं, पण मी बरी झालेय, माझ्याकडे कागद आहेत, आणि हा आजार मला रुग्णांची सेवा करतानाच झालेला आहे. यावर तो हसला नाही, चिडलाही नाही. समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘दुसऱ्या गावात जाऊन दुसरी फिल्म काढा ना सिस्टर. फिल्मवर चेहरा नसतो.’

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला फोन ठेवून घरी चालत येण्याइतका वेळ लागला. आणि अर्थ कळल्यानंतर पाप वगैरे वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. ज्या कामाने माझ्या देहावर ती खूण केली त्याच कामाला मी त्या खुणेमुळे नालायक ठरत होते. या अन्यायापुढे एक खोटी फिल्म मला अगदी क्षुल्लक वाटली. माझ्यापासून कुणाला धोका नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आक्का ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या नावाने तुला मशीनपुढे उभं राहावं लागेल म्हटलं.

तिने विचारलं, ‘दुखतं का गं त्येनं?’

‘नाही.’

‘मग घे की,’ ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. जसं काही मी तिच्याकडे एखादं लुगडंच मागितलं होतं.

आम्ही साताऱ्याला गेलो, कारण साताऱ्यात मला कुणी ओळखत नव्हतं. जानेवारीची सकाळ होती. बसच्या फटींतून येणारा वारा कानांत शिरत होता आणि उसाच्या फडांवर धुकं पांढऱ्या धाबळीसारखं पसरलेलं होतं. कराडपर्यंत मी तिच्याकडून घोकून घेतलं. नाव? सुजाता. वय? एकतीस. पूर्वी काही आजार? काही नाही. ती नीट उत्तरं देत होती. स्टँडजवळच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते एक्स-रेचं केंद्र होतं. जिन्याच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्यावर पडलेलं कोवळं ऊन दिसत होतं आणि जिन्यातच तो आंबूस वास भरून राहिलेला होता. गळ्यात धातूचं काही नको म्हणून आक्काने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. सात वर्षं त्या माणसाचं तोंड न पाहता ते तिने गळ्यात वागवलं होतं. मण्यांना तिच्या अंगाची ऊब होती.

खिडकीमागच्या माणसाने मान खाली घालूनच विचारलं, ‘नाव?’

आक्काने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि तिने सांगितलं, ‘शेवंता.’ पुढे वडिलांचं नाव सांगितलं, पुढे माहेरचं आडनाव. पासपोर्टवर होतं तसं, त्याच क्रमाने, एक अक्षरही न गाळता.

‘वय?’

‘सदतीस.’

मी दोन पावलांवर उभी होते. मला पुढे होऊन म्हणता आलं असतं, की ताई गोंधळल्या आहेत, नाव दुसरं आहे. ते सोपं होतं. पण माझ्या मागे रांगेत चार माणसं होती, त्यांच्यासमोर, मंगळसूत्र मुठीत घेऊन, मी माझ्या बहिणीला तिचं नाव खोटं आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार होते? पावतीवर तिचं नाव उमटलं; फिल्मवरही तेच येणार होतं. आतून आवाज आला, श्वास घ्या, धरून ठेवा. बाहेर बसलेल्या मीही श्वास धरला.

परतीच्या प्रवासात कराडला गाडी थांबली तेव्हा तिने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि सोललेले दाणे माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाली, ‘सुजा, चुकलं गं माजं. त्यानं इचारलं आन् तोंडातनं निघून गेलं.’ मी दाणे खाल्ले. मंगळसूत्र मी तिला परत देऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे तुज्याजवळ.’

घरी आल्यावर मी तिची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. फिल्म मला वाचता येते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या छातीतला काळोख पाहत आले होते, पण अशी छाती क्वचित पाहिली होती. दोन्ही बाजू निरभ्र, कुठे धुक्याची रेघ नाही. चुलीचा धूर गिळलेली, उसाच्या फडात राबलेली, टाकलेली ती बाई आतून इतकी स्वच्छ होती, आणि मी, जिने सगळं आयुष्य स्वच्छतेचे नियम पाळले, डागाळलेली होते. त्या क्षणी जो कडवटपणा माझ्या तोंडाशी आला तो शब्दांत मावणारा नव्हता, तरी तो शब्दांतून बाहेर पडलाच. मी ती फिल्म तिच्या अंगावर फेकली आणि ओरडले, ‘मग तूच जा!’

तीन दिवस आमच्या खोलीत फक्त भांड्यांचे आवाज होते. चौथ्या दिवशी मी बूट घालत असताना ती दाराशी येऊन उभी राहिली.

‘सुजा, जाऊ का?’

‘कुठं?’

‘तूच म्हणलीस न्हवं.’

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे लबाडी शोधली. भीती शोधली. मला दिसलं ते असं काहीतरी, जे मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलंच नव्हतं, आणि जे मी रोज आरशात पाहत आले होते: तिला जायचं होतं. भिंतीवरचे ते शंभर शब्द तिने पोळ्या लाटता लाटता पाठ केले ते माझ्यासाठी नव्हते. वर्षभर मी त्या खोलीत माझ्या जाण्याचं स्वप्न इतक्या मोठ्याने पाहत होते, की त्याच्या शेजारी दुसरं एखादं स्वप्न दबक्या पावलांनी वावरत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. तिला नको म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

फिलोमिनाला मीच पत्र लिहिलं. माझी बहीण मायेने सेवा करणारी आहे, सशक्त आहे, तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, असं लिहिलं. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही शब्द मला मनापासून लिहावासा वाटला नाही. त्या मुलाला पदवीशी देणंघेणं नव्हतं, आईला उचलून बसवू शकेल असं माणूस हवं होतं. होकार आला. मग सहा आठवडे मी तिला शिकवलं. संध्याकाळी मी आमच्या खाटेवर लुळी म्हातारी होऊन पडत असे आणि आक्का मला कुशीवर वळवत असे. पाठीखाली हात कसा सरकवायचा, गुडघा कुठे टेकवायचा, चादर चुरगळू न देता कशी बदलायची, टाचांना आणि माकडहाडाला जखमा होऊ नयेत म्हणून कुठे काय ठेवायचं, हे सारं मी डोळे मिटून, देह सैल सोडून तिला सांगत असे. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की माझ्याहून तिचे हात अधिक जाणते आहेत. ती मला वळवी तेव्हा मला कुठेही ओढल्यासारखं वाटत नसे. ती माझ्या कानाशी वाकून विचारी, ‘पोनाई?’ आणि मी म्हातारीसारखी मान हलवी, नाही, दुखत नाही.

राखाडी कोट तिला लांब झाला. शिंप्याकडे नेऊन मी तो चार बोटं आखूड करून आणला. दुसरा चष्मा, माझ्या नंबरचा, तेवढा माझ्याकडे राहिला. बाकी दोन चादरी, तिखटाची पुडकी, चटणीचा डबा, कुकरच्या रिंगा, वही, सगळं तिच्या बॅगेत मी माझ्या हाताने, मी ज्या क्रमाने भरणार होते त्याच क्रमाने भरलं. निघायच्या दिवशी आई गावाहून आली होती. मुंबईच्या गाडीत बसताना आक्का माझ्या पाया पडायला वाकली. थोरली बहीण धाकटीच्या. मी तिला अर्ध्यातच धरून उभं केलं. ते प्रेमाने केलं की तो नमस्कार मला सोसवला नसता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

तिची पत्रं येत. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत चार ओळी. ‘मी बरी हाय. म्हातारी बरी हाय. हितं लिंबं लय मोटी. तू तब्येतीला जप.’ एवढ्याशा मजकुरातून मी तिचं सबंध आयुष्य रचत असे. ड्यूटीवरून येऊन, स्वतः भात टाकून, तो शिजेपर्यंत मी तिला पाहत असे: पांढऱ्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, माझा कोट घालून बसलेली, आणि तिच्या हातून पाणी पिणारी एक म्हातारी, जिला आडनावं वाचता येत नाहीत. एकदा फोटो आला. कुठल्याशा भिंतीपाशी ती उभी होती, भिंतीवरून कागदी फुलांचा वेल ओघळलेला. इस्पितळातल्या बायका म्हणाल्या, बहिणीने नशीब काढलं हो. मी हसले. तो फोटो मी वहीत ठेवला, भिंतीवर लावला नाही. तिने धाडलेल्या पैशांतून आईच्या घरावर पत्रा पडला, माझं खोलीभाडं निघालं. मी ते घेत राहिले आणि घेताना दर वेळी मनात म्हणत राहिले, हे माझंच आहे. रोज मी वॉर्डात जात होते. ‘कुठली गं तू?’ हा प्रश्न येत होता. मी उत्तर देत होते आणि उत्तर देताना मला प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा नव्हे, तर आक्काचा राग येत होता.

परवाना एकदा वाढला. चार वर्षांनी ती म्हातारी वारली आणि आक्का परत आली. एप्रिल होता. दुपारी वीज गेली होती, रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि आम्ही दोघी फरशी ओली करून तिच्यावर चटई टाकून पडलो होतो. तिच्या अंगाला कुठल्याशा अनोळखी साबणाचा वास येत होता. केस पिकले होते. चालताना ती एका बाजूला झुकत होती, ते मी स्टँडवरच पाहिलं होतं. चार वर्षं मी एक प्रश्न तयार ठेवला होता, साताऱ्याच्या त्या खिडकीपाशी तुझ्या तोंडून ते नाव खरोखर चुकून निघालं का, आणि आता ती हाताच्या अंतरावर असताना तो काही केल्या ओठांवर येईना. मी विचारलं, ‘तिथं बरं होतं का गं?’

ती छताकडे पाहत बोलू लागली. संथपणे, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. खोली म्हणजे कपडे धुवायच्या यंत्रामागची जागा होती, हात पसरले की दोन्ही भिंती लागत. म्हातारीचा मुलगा बाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप घाली. फिलोमिना सहा महिन्यांत दुसऱ्या गावी गेली, मग बोलायला कुणी उरलं नाही. म्हातारी भ्रमिष्ट होती, भरवताना चावे. आक्काने आपल्या दंडावरचा वण दाखवला. एकटीने उचलून उचलून कंबर गेली. चार वर्षांत समुद्र दोनदा दिसला, दोन्ही वेळा मोटारीच्या काचेतून, दवाखान्यात जाताना. ‘भिंतीसंगं बोलायची मी,’ ती म्हणाली. ‘पोनाई, म्हनून इचारायची तिला.’

‘मग पत्रात का नाही लिहिलंस?’

‘काय लिवायचं? तुजी जागा घिऊन गेल्ते मी. तिथनं रडून दावायला तोंड हुतं का मला?’

माझ्या आत काहीतरी सैल होत होतं, वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ उघडावी तसं, आणि प्रथम मला वाटलं ही करुणा आहे. पण लक्षणांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. मला फार वेळ फसता आलं नाही. ती करुणा नव्हती. तो आनंद होता. कुलूप, चावा, गेलेली कंबर, यांतल्या एकेका गोष्टीसरशी मला बरं वाटत गेलं होतं. माझी बहीण त्या यंत्रामागच्या जागेत भिंतीशी बोलत होती हे ऐकून, चार वर्षांत पहिल्यांदा, मला मोकळा श्वास आला होता. हे कळलं आणि मला स्वतःची इतकी भीती वाटली, की माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

आक्काने कूस बदलली, तेवढ्यानेही ती कण्हली, आणि तिने आपल्या खरबरीत तळव्याने माझं तोंड पुसलं. ‘रडू नगंस गं,’ ती म्हणाली. ‘सपलं की आता. येवडं काय रडतीस माज्यासाटनं.’ मग माझ्या दंडावर हात ठेवून ती झोपी गेली. वीज येईपर्यंत मी त्या हाताखाली निश्चल पडून होते.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. एकत्रच राहतो. तो साताऱ्याचा प्रश्न मी तिला विचारला नाही, आता विचारणारही नाही; त्याचं उत्तर काहीही असलं तरी मला त्याचा काय उपयोग आहे, ते मला कळेनासं झालं आहे. अधूनमधून गावाकडच्या बायका येतात, परदेशाचं विचारतात. आक्का फारसं सांगत नाही. पण एक गोष्ट ती सांगितल्याशिवाय राहत नाही, ‘मी परत आले त्या दुपारी सगळं ऐकून ही माझी सुजा कशी ढसाढसा रडली होती, सख्ख्या आईनं रडावं तशी.’ बायका माझ्याकडे मायेने पाहतात. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठते.